थोरल्या मापाचा कायदा

महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा १९९९चा आहे, आणि तो जितक्यांदा वाचावा तितक्यांदा मला एकच गोष्ट डाचते. त्यातली रॅगिंगची व्याख्या जवळजवळ निर्दोष आहे. विद्यार्थ्याला शारीरिक वा मानसिक इजा होईल, भीती किंवा लाज वाटेल असं वर्तन. त्यात चिडवणं, शिवीगाळ, धमकी, थट्टा, मनाविरुद्ध काही करायला लावणं, सगळं आलं. शिक्षणसंस्थेची व्याख्याही ऐसपैस आहे: महाविद्यालय, किंवा शिक्षण देणारी कोणत्याही नावाची संस्था, शिवाय वसतिगृह आणि अनाथालयसुद्धा. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीतल्या पोराचं दप्तर रोज खिडकीबाहेर जातं, त्याला रंगावरून, बोलण्याच्या हेलावरून, आडून आडून जातीवरून हाका मारल्या जातात, तेही या व्याख्येत चपखल बसतं. पण रॅगिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मेडिकल कॉलेजचं हॉस्टेल उभं राहतं. शाळेतल्या त्याच छळाला आपण मस्ती म्हणतो.

व्याख्या शाळेला बसली तरी पुढची कलमं बसत नाहीत, आणि इथेच खरी गोम आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड; गुन्हा सिद्ध झाला की संस्थेतून बडतर्फी आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. आता दहा वर्षांच्या मुलाला हे लावून बघा. शिक्षण हक्क कायदा, २००९ सांगतो की प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. अठराच्या आतलं मूल बाल न्याय मंडळापुढे जातं, तुरुंगात नव्हे. म्हणजे कैद गेली, बडतर्फी गेली. उरलं काय? मुख्याध्यापकावरचा बोजा. लेखी तक्रार आली की त्याने सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलिसांकडे धाडायची. हयगय केली, तर त्यानेच गुन्ह्याला चिथावणी दिली असं धरलं जाणार. चौथीतल्या पोरासाठी पोलीस ठाण्याची पायरी कोणता मुख्याध्यापक चढेल? तक्रार लेखी होऊच नये यातच त्याचं हित आहे. ‘तोंडी सांगा, मी बघतो’ हे वाक्य या कायद्यानेच त्याच्या तोंडी घातलं आहे. कडक कायद्याने तक्रार दाबण्याचं कारण पुरवावं, हे मला आजही पटत नाही.

बाकीची तरतूद बघावी तर ती मोठ्यांपासून मुलांना वाचवण्यासाठी आहे. शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घालतं, पण त्याचा रोख शिक्षकावर. तक्रारपेट्या आल्या, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समित्या आल्या, २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर सीसीटीव्हीचा आग्रह आला. त्यांची गरज होतीच. पण मधल्या सुट्टीत वाळीत टाकलेलं पोर कॅमेऱ्यात फक्त एका बाजूला बसलेलं दिसतं. पेटी ऑफिसच्या दारात, सगळ्यांच्या देखत टांगलेली, आणि चौथीतल्या मुलाचं अक्षर बाई लगेच ओळखतात. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला निकषाने दोनच शिक्षक. तिथे समिती म्हणजे तीच माणसं, दुसऱ्या वहीत.

कायद्याने पोरं सुधारतात का, असं विचारणाऱ्यांना अमेरिकेतला एक अभ्यास दाखवावासा वाटतो. २५ राज्यांतल्या ६३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवरचा हा अभ्यास २०१५ साली आला. तिथल्या केंद्रीय शिक्षण खात्याने सुचवलेल्या तरतुदींपैकी निदान एक तरी ज्या राज्यांच्या कायद्यात होती, तिथे मुलांना दादागिरी सोसावी लागण्याची शक्यता २४ टक्क्यांनी कमी दिसली. कायद्यामुळेच ती घटली, असं त्यातून सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ज्या तरतुदींचा संबंध ठळक दिसला त्या बघा: नियम कुठे लागू ते स्पष्ट सांगणं, कोणतं वर्तन चालणार नाही ते नेमकं लिहिणं, आणि प्रत्येक स्थानिक शिक्षण मंडळाने आपलं धोरण बनवून अमलात आणणं. यात शिक्षा कुठेच नाही.

असं धोरण आपल्याकडे आणायचं तर शिक्षकांवर कागदांचं ओझं आधीच आहे, हा आक्षेप मात्र खरा. निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती, त्यात हे. म्हणून नवी समिती नकोच. एक नोंदवही, दोन्ही मुलांच्या पालकांना ठरलेल्या दिवसांत निरोप, आणि महिन्याला केंद्रप्रमुखाची सही, एवढं शाळांसाठी वेगळं लिहिलं तरी पुष्कळ. चौथीसाठी पोलीस आणि निलंबन काढून टाकावं. पण सात दिवसांची मुदत? ती मी ठेवीन. आणि वर ज्या कलमावर एवढा चिडलो, त्याचा सौम्य अवतारही ठेवीन: तक्रार आली म्हणून नव्हे, नोंदली नाही म्हणून मुख्याध्यापकाला जाब. कुणाला तरी जाब द्यावा लागल्याशिवाय आपल्याकडे वही उघडत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. तुम्ही त्यांतले असाल तर पुढच्या बैठकीत खिचडी आणि रंगरंगोटीचे विषय संपल्यावर एवढंच विचारा: मुलांच्या तक्रारी कोणत्या वहीत लिहिता, आणि ती वही आम्हाला दाखवाल का?