माउंटबॅटन, सोमण आणि आमची भाची

आमच्या माळशिरसला समुद्र नाही. विहिरी आहेत, नीरेचा उजवा कालवा आहे, आणि उसाला पाणी कधी सुटणार याची वाट बघणारी माणसं आहेत. अशा गावात आठवीतल्या माझ्या भाचीनं मला विचारलं, "मामा, माउंटबॅटन व्हाइसरॉय होते ना? मग फोटोत आरमाराचा गणवेश कसा?"

प्रश्न रास्त होता. ते मुळात आरमारी अधिकारीच! आणि त्या काळी इंग्रज मुलगा या नोकरीकडे वळायचा तो अगदी तुमच्या वयात. 1913 साली माउंटबॅटन ऑस्बर्नच्या आरमारी शाळेत गेले, तेव्हा त्यांना तेरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. शाळेला फी होती, त्यामुळे मुलं बहुतेक सुखवस्तू घरांतली. माउंटबॅटन यांचे वडील तर आरमाराचे प्रमुख. पण घराणं जर्मन! महायुद्ध सुरू झालं आणि 1914 साली त्यांना पद सोडावं लागलं. मुलगा मात्र शिकत राहिला. सोळाव्या वर्षी तो 'लायन' युद्धनौकेवर रुजू झाला. पुढे 1941 साली क्रीट बेटाजवळ जर्मन विमानांनी त्यांची 'केली' विनाशिका बुडवली. निम्म्याहून अधिक माणसं गेली, ते वाचले. 1955 साली ते वडिलांच्याच पदावर बसले. शाळेत पाऊल टाकल्यापासून बेचाळीस वर्षांनी!

आता गंमत बघा. त्याच 1913 साली भास्कर सदाशिव सोमण या मराठी मुलाचा जन्म झाला. तेराव्या वर्षी त्यानं "मी आरमारात अधिकारी होणार" म्हटलं असतं तर? दारच बंद होतं. आपल्या माणसानं खलाशी व्हावं, हुकूम इंग्रजानं द्यावा, अशी रीत. 1928 साली डी. एन. मुखर्जी पहिले भारतीय अधिकारी झाले, तेव्हा ते दार किलकिलं झालं.

उशिरा उघडलेल्या दाराची किंमत नंतरही मोजावी लागली. भूदलाला 1949 साली करिअप्पा हे भारतीय प्रमुख मिळाले. नौदलावर मात्र 1958 पर्यंत इंग्रज प्रमुखच होते, कारण पुरेसा अनुभव असलेले आपले अधिकारी तयार व्हायला वर्षं लागतात. 1958 मध्ये रामदास कटारी प्रमुख झाले. त्यांच्यानंतर, 1962 मध्ये, आपले सोमण! 1961 साली गोवामुक्तीच्या वेळी नौदलाचा ताफा त्यांच्याच हुकमतीखाली होता.

हे ऐकून भाची म्हणाली, "आणि मुलींना?"

दाजी हसले. "अगं, तू अजून समुद्रसुद्धा बघितला नाहीस!"

खरंय. पण विहिरीच्या काठावरून ती असा सूर मारते की पोरं बघत राहतात. आणि मुलींसाठी 1992 पासून नौदलात अधिकारीपद आहे. 2022 साली खडकवासल्याच्या प्रबोधिनीतही मुली दाखल झाल्या, आणि मे 2025 मध्ये पहिल्या सतराजणी तिथून बाहेर पडल्या. त्या वाटेनं नौदलात जायला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. म्हणजे निर्णय दहावीनंतर लगेच होतो, घरातल्या घरात.

म्हणून पालकांनो, "मुलीला गणित कशाला?" असं म्हणण्याआधी एकदा तिला विचारा. सोमणांसमोरचं दार परक्यांनी लावलं होतं. आमच्या भाचीसमोरचं दार लावायला आता इंग्रज येणार नाहीत.