भाड्याच्या घराचा कारभारी

मुंबई, ठाणे आणि पुणे या शहरांत दुसऱ्याच्या मालकीच्या, भाड्याने दिलेल्या घरांची व्यवस्था पाहण्याचा जो व्यवसाय आज दिसतो, त्याचे बाह्य स्वरूप भाडे गोळा करणे, दुरुस्त्या करून घेणे आणि कागदपत्रे सांभाळणे असे असले, तरी त्याच्या मुळाशी एक जुनी भीती आहे, आणि ती म्हणजे एकदा दुसऱ्याच्या हाती किल्ली दिली की घराचा ताबा परत मिळेल की नाही, ही. घरमालक व्यवस्थापक नेमतो तो बहुधा नळ दुरुस्त करण्यासाठी नव्हे, तर या भीतीपासून सुटका मिळावी म्हणून. आणि व्यवस्थापकाचे कसब किती, हे तो ही भीती कशी हाताळतो यावरूनच ठरते. जो तिला खतपाणी घालतो, तो भाडेकरूला संशयित समजून त्याच्याशी वागतो आणि अखेरीस मालकाचेच नुकसान करतो, तर जो नोंदी आणि वेळेवर केलेली कामे यांच्या बळावर तिला निरर्थक ठरवतो, तो दोन्ही बाजूंच्या उपयोगी पडतो.

ही भीती कल्पित नाही, तिला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने ‘प्रमाण भाडे’, म्हणजे कायद्याने मान्य केलेले कमाल भाडे, १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले, आणि भाडेकरूला घराबाहेर काढण्याची कारणे इतकी मर्यादित केली की चाळीतील खोली एकाच कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या राहू लागली. महायुद्धाच्या आणि फाळणीच्या काळात गरिबांच्या डोक्यावरचे छप्पर टिकवण्यासाठी हे नियंत्रण आवश्यक होते, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु काही रुपयांच्या भाड्यात इमारतीची डागडुजी होऊ शकत नव्हती, म्हणून मालकांनी ती सोडून दिली, आणि खोलीचा ताबा बदलताना वर दिली जाणारी एकरकमी रक्कम, म्हणजेच पागडी, हाच या व्यवहाराचा खरा बाजारभाव बनला. मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी सरकारला १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा स्वतंत्र कायदा करून उपकर बसवावा लागला, यावरून त्या पडझडीची कल्पना येते. भाडेकरू नको म्हणून मालकांनी केवळ राहण्याच्या परवानगीचा मार्ग काढला, तेव्हा १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला अशा परवानगीवर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचा दर्जा देऊन टाकला. या एका तारखेने घरमालकांच्या मनावर जो परिणाम केला, तो नंतरच्या कायद्यांना पुसता आलेला नाही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या आणि महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तरीही बंद ठेवलेल्या घरांची संख्या मोठीच राहिली आणि २०११ च्या जनगणनेत नागरी भारतात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. त्यांतली सगळीच भीतीपोटी बंद होती असे म्हणता येणार नाही, पण भीतीचा वाटा त्यात नक्कीच आहे.

आजचा व्यवस्थापक ज्या कागदावर उभा असतो, तो म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार. भाडेपट्ट्यात जागेवरील काही हक्क भाडेकरूकडे जातो, तर या करारात मालक केवळ ठरावीक मुदतीसाठी राहण्याची परवानगी देतो आणि जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. मात्र कागदाला काय नाव दिले आहे यापेक्षा व्यवहाराचे खरे स्वरूप काय आहे हे न्यायालय पाहते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच स्पष्ट केलेले आहे. म्हणून करारातील मजकूर आणि प्रत्यक्ष वागणूक यांत अंतर पडू न देणे, हे व्यवस्थापकाचे पहिले काम ठरते. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे असा प्रत्येक करार लेखी असून नोंदवलेला असला पाहिजे, नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदवलेला नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. असे असूनही ‘अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही’ हा समज अजून जिवंत आहे. त्याचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे, कारण त्यात वर्षानुवर्षे चालणाऱ्या किंवा एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची होती. महाराष्ट्रात राहत्या घराच्या परवानगी-कराराला ही पळवाट उरलेली नाही, तरी अकरा महिन्यांचा आकडा सवयीने टिकून आहे. मुद्रांक शुल्क मुदतीतील एकूण भाडे आणि अनामत रकमेवरील गृहीत व्याज यांच्या ०.२५ टक्के, म्हणजे नगण्य असते, आणि आता बोटांचे ठसे देऊन घरबसल्या नोंदणी होते. तेव्हा चार पैसे वाचवण्यासाठी ती टाळायला सांगणारा व्यवस्थापक मालकाचा हितचिंतक नसतो. याचे कारण १९९९ च्या कायद्याच्याच कलम २४ मध्ये आहे. मुदत संपूनही घर सोडले नाही, तर मालकाला दिवाणी दाव्याच्या लांब वाटेने न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. या अर्जात लेखी करार हाच त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा असतो.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडे कायद्यात मालमत्ता व्यवस्थापकाची कर्तव्ये सलग मांडलेली दिसतात: पावती देऊन भाडे घेणे, आवश्यक दुरुस्त्या करून घेणे, जागेची वेळोवेळी पाहणी करणे, नोटिसा देणे, भाडेकरू आणि मालक यांच्यातील तंटे मिटवण्यास साहाय्य करणे, आणि इतर बाबतींत मालकाच्या सूचनेप्रमाणेच वागणे. यादी योग्य आहे, पण यांपैकी कोणते काम अवघड आणि कोणते सोपे हे यादीवरून कळत नाही. भाडे घेणे आज सर्वांत सोपे झाले आहे. एके काळी चाळमालकाचा मेहता किंवा मुनीम दर महिन्याला पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरत असे, आणि भाड्याबरोबर त्याला कुणाच्या मोरीचा पाइप फुटला आहे, कुणाच्या खोलीत पोटभाडेकरू आला आहे, हेही कळत असे. लंडनमध्ये ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी १८६५ साली मॅरिलबोन भागातील काही मोडकी घरे जॉन रस्किन यांच्या पैशावर चालवायला घेतली, तेव्हा दर आठवड्याला स्वतः घरी जाऊन भाडे घेण्यावर त्यांनी भर दिला, तो याच कारणाने. त्यांच्या पद्धतीत भाडेकरूंना वळण लावण्याचा जो अट्टहास होता तो आज पटणारा नाही, पण वसुली आणि पाहणी ही एकच फेरी असावी हे त्यांचे म्हणणे खरे होते. यूपीआयने भाडे थेट खात्यात जमा होऊ लागल्यापासून ही फेरी संपली, आणि घर वर्ष-वर्षभर कुणाच्या नजरेस पडेनासे झाले. म्हणून आता पाहणी मुद्दाम ठरवून, आगाऊ कळवून करावी लागते; आदर्श कायद्यात त्यासाठी किमान २४ तासांची सूचना सांगितली आहे. न कळवता जाऊन बेल वाजवणारा व्यवस्थापक स्वतःला दक्ष समजत असला, तरी भाडेकरूच्या लेखी तो घुसखोरच असतो.

पाहणीत काय पाहायचे, याचे उत्तर कोकणपट्टी आणि घाटमाथ्याच्या हवेत बरेचसे ओलीवर येऊन थांबते. भिंतीवरचा डाग पाहून लगेच रंगारी बोलावणे ही सर्रास होणारी चूक असून, डागाचे वर्तन पाहणे हे खरे कसब आहे. डाग फक्त पावसाळ्यात येतो आणि दिवाळीपर्यंत सुकतो, तर दोष बाहेरच्या भिंतीच्या भेगांत किंवा गच्चीत असतो, आणि नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस झोडपतो म्हणून पश्चिमेकडच्या भिंती आधी संशयित धराव्या लागतात; डाग बारा महिने सारखाच ओला असेल, तर दाबाखालची पाण्याची वाहिनी कुठेतरी झिरपत असते; आणि वरच्या घरात आंघोळी आटोपल्यावर तो गडद होत असेल, तर न्हाणीघराच्या फरशीचे सांधे किंवा सांडपाण्याचा पाइप तपासावा लागतो, त्यासाठी वरच्या मजल्यावर रंगीत पाणी सोडून ते खाली उतरते का हे पाहण्याची साधी पद्धत आहे. यांपैकी पहिल्या प्रकाराचा खर्च सामान्यतः सोसायटीकडे जातो, तिसरा वरच्या शेजाऱ्याशी गोडीगुलाबीने बोलून सोडवावा लागतो, आणि निदान चुकले की पैसा आणि शेजारधर्म दोन्ही वाया जातात. भिंत आतून सुकण्याआधी दिलेला रंग पुढच्या पावसाळ्याआधीच पोपडे धरतो, हे रंगाऱ्यालाही ठाऊक असते. पण त्याला थांबायला सांगणे हे व्यवस्थापकाचे काम आहे. गच्चीची गळती, पन्हाळी आणि खिडक्यांच्या कडा ही कामे मे महिन्यातच उरकावी लागतात, कारण जूनमध्ये कारागीर मिळत नाही आणि मिळाला तरी त्याचा माल सुकत नाही. पुण्याच्या उपनगरांत जेथे बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी येते, तेथे गीझरच्या कॉइलवर क्षारांचे थर चढतात, आणि ती वेळीच साफ न केल्यास बिघाडाचा दोष भाडेकरूच्या माथी मारला जातो.

दोष कोणाचा, हाच प्रश्न अनामत रक्कम परत करताना सर्वांत तीव्र होतो. वापरामुळे होणारी नेहमीची झीज मालकाने सोसायची आणि हलगर्जीपणाने झालेले नुकसान राहणाऱ्याने भरून द्यायचे, हे तत्त्व सर्वांना मान्य असते. भांडण होते ते रेषा कोठे ओढायची यावर. दोन वर्षांत उडालेला रंग ही झीज आहे, भिंतीत ठोकलेल्या खिळ्यांनी उडालेले गिलाव्याचे ढलपे हे नुकसान आहे, आणि ओट्याच्या ग्रॅनाइटला गेलेला तडा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येतो. हा वाद घर सोडताना सुटत नाही, तो घर देतानाच सोडवून ठेवावा लागतो: प्रत्येक खोलीची तारखेसह छायाचित्रे, वीज आणि गॅस मीटरवरील आकडे, पंखे, दिवे, किल्ल्या यांची यादी, आणि आधीपासून असलेल्या दोषांची स्पष्ट नोंद, या सर्वांवर दोघांच्या सह्या. जुन्या दोषांची नोंद करायला व्यवस्थापक टाळाटाळ करतो, कारण त्यामुळे घर कमी प्रतीचे दिसेल असे त्याला वाटते; वास्तविक तीच नोंद पुढे मालकाच्या बाकीच्या मागण्यांना विश्वासार्हता देते. शेवटचे वीजबिल यायचे आहे म्हणून संपूर्ण अनामत महिनोन्‌महिने अडकवून ठेवण्याची प्रथाही निंद्य आहे; अंदाजे रक्कम ठेवून बाकीची किल्ली घेतानाच परत करता येते.

भाडेकरू निवडण्याविषयी या व्यवसायात जे बोलले जाते, ते लेखी कोणी मांडत नाही. ‘बॅचलर नको’, ‘नॉनव्हेज चालणार नाही’, किंवा नुसते आडनाव विचारून थांबणे, हे सारे मुंबई-पुण्यात रोज घडते, आणि व्यवस्थापक बहुधा मालकाच्या किंवा सोसायटीच्या कमिटीच्या मागे लपतो. भाडे वेळेवर येईल की नाही याचा अंदाज उत्पन्नाच्या कागदांवरून, आधीच्या घरमालकाच्या दोन शब्दांवरून आणि पोलिसांकडे द्यायच्या माहितीपत्रकातील तपशिलावरून येतो. धर्म, जात किंवा ताटातले अन्न यांवरून तो कधीच येत नाही. सोसायटीचे अधिकारही समजले जातात त्याहून मर्यादित आहेत. सभासदाने घर परवानगीवर दिल्यास सोसायटीला केवळ कळवायचे असते, आणि सहकार कायद्याखालील २००१ च्या शासन आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. हे कमिटीला शांतपणे, आदेशाची प्रत पुढे ठेवून सांगता येणे, हे या व्यवसायातले कमी वाखाणले गेलेले कौशल्य आहे.

मालक परदेशी असेल, आणि कोथरूड-बाणेरपासून ठाण्यापर्यंत अशा मराठी मालकांची घरे पुष्कळ आहेत, तर कामाला आणखी एक पदर जोडला जातो. त्याचे कुलमुखत्यारपत्र परदेशात झाले असेल तर ते राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, भाडे त्याच्या अनिवासी खात्यात जमा व्हावे लागते, आणि भाडेकरूला भाड्यातून प्राप्तिकर कापून भरावा लागतो, मग भाडे किती का कमी असेना. ही शेवटची गोष्ट भाडेकरूला क्वचितच माहीत असते, आणि ती करार करण्यापूर्वी त्याला न सांगणे ही व्यवस्थापकाची गंभीर कसूर होय.

भाडे थकण्याचे प्रसंग येतात, पण त्यातही पहिल्या दिरंगाईकडे कसे पाहिले जाते यावर पुढचे अवलंबून असते. ज्याची नोकरी गेली आहे आणि जो ते सांगतो, त्याला हप्ते बांधून देणे मालकाच्याही हिताचे असते. जो फोन उचलत नाही, त्याला लेखी नोटीस तत्काळ गेली पाहिजे, दोन महिन्यांनी नव्हे. पाणी किंवा वीज तोडणे, कुलूप बदलणे, सामान बाहेर ठेवणे या वाटा मालकाला सुचतात तेव्हा त्याला आवरणे हे व्यवस्थापकाचे कर्तव्य असते, कारण भाडेकरूचा आवश्यक पुरवठा तोडण्यास भाडेनियंत्रण कायद्यानेच मनाई केली आहे आणि कायद्याच्या बाजूला उभा असलेला मालक अशा एका कृतीने क्षणात कायद्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभा राहतो.

एक अडचण मात्र या व्यवसायाच्या रचनेतच आहे. अनेक व्यवस्थापक मूळचे दलाल असतात, आणि दलाली ही भाडेकरू बदलला की मिळते, तो टिकला की नाही. म्हणजे चांगला भाडेकरू वर्षानुवर्षे राहावा यात मालकाचा फायदा असताना व्यवस्थापकाचा तोटा असतो. मासिक मोबदला घेणारा आणि नूतनीकरणासाठी नव्याने दलाली न मागणारा व्यवस्थापक म्हणूनच अधिक भरवशाचा समजावा. घर सोपवण्यापूर्वी मालकाने त्याच्याकडून दोन गोष्टी अवश्य पाहून घ्याव्यात: त्याने आधी केलेल्या एखाद्या ताबा-यादीचा नमुना, आणि त्याच्याकडच्या किती कुटुंबांनी मुदत संपल्यावर त्याच घरात पुन्हा करार केला, याची नोंद.