दिसलं तेवढंच

कळलावी ओळखायला कुणाला अडचण येत नाही. श्रावणात सह्याद्रीच्या घाटवाटांवर, करवंदीच्या जाळ्यांवर चढून ती अशी पेटलेली असते की चालणारा थबकतोच. पण नाव आठवलं की बहुतेकांचं पाहणं तिथेच संपतं. वही उघडून तिच्यासमोर बसलं की ते सुरू होतं, कारण पेन्सिल टेकवण्याआधीच ठरवावं लागतं, फुलाचं तोंड कुठे आहे? देठामागोमाग नजर नेली की उमगतं, फूल खाली मान घालून आहे. सहाही पाकळ्या मागे उलटून आभाळाकडे गेल्यात, म्हणून ज्वाळा दिसते. सहा पुंकेसर चहूकडे आडवे पसरलेले. स्त्रीकेसराची दांडी तर बुडाशीच काटकोनात वळून एका बाजूला निघून जाते. पानाकडे वळावं, तर त्याचं टोक संपतच नाही; लांबत जातं, गुंडाळतं आणि शेजारच्या काटकीला विळखा घालतं. वेल चढते ती या टोकांच्या आधाराने. बाजूचं जुनं फूल पूर्ण तांबडं, आज उमललेलं अजून पिवळं. म्हणजे एक फूल काढून भागणार नाही, दोन्ही हवीत.

फोटो मीही काढते, आणि त्यांचा उपयोगही होतो. पण फोटोत मी न पाहिलेलंही सगळं येऊन बसतं. चित्रात नजर जिथे जिथे थांबली तेवढंच उतरतं. म्हणून या वहीपुरता मी एकच नियम पाळते: दिसलं तेवढंच काढायचं. तळ्याकाठी खंड्या बसलेला असावा, चोच झाली, छातीवरचा पांढरा ठिपका झाला, आणि पाय पाहायच्या आत तो उडावा. अशा वेळी पाय काढायचे नाहीत. पक्ष्यांच्या पुस्तकात त्यांचा रंग सापडेल, पण तो दुसऱ्या कुणी पाहिलेला रंग. जागा कोरी सोडायची आणि शेजारी लिहायचं, ‘पाय पाहायचे’. पुढच्या वेळी तळ्याकडे जाताना डोळे आपोआप पाय शोधतात. कोतवाल त्या मानाने उदार. तो माशी पकडून पुन्हा त्याच फांदीवर येतो, त्यामुळे एका खेपेला शेपटीची दुभंगलेली टोकं, दुसऱ्या खेपेला डोक्याचा गोल, असं थोडं थोडं जमवता येतं.

शब्द आणि चित्र दोन्ही हवेत, हे फार पूर्वी एका बादशहाने ओळखलं होतं. १६१२ साली जहांगीरचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून परतला तो पोर्तुगिजांकडून मिळवलेले विलक्षण प्राणी-पक्षी घेऊन; त्यात टर्की होता. जहांगीरने आपल्या आत्मवृत्तात त्याचं बारकाईने वर्णन केलं, आणि पुढे नोंदवलं की पणजोबा बाबराने प्राण्यांची वर्णनं लिहिली खरी, पण चित्रकारांना ती चितारायला सांगितली नाहीत. आपण दोन्ही केलं, म्हणजे ऐकून वाटणारं नवल पाहून वाढेल. पुढे काश्मीरच्या मुक्कामात त्याचा दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याने शंभराहून अधिक फुलं चितारली. मला मात्र जहांगीरची सारसांची नोंद अधिक भावते. पाळलेल्या जोडीतली मादी रात्रभर अंड्यांवर बसते आणि नर जवळ उभा राहून राखण करतो. सकाळी तो चोचीने तिची पाठ खाजवतो, मग ती उठते आणि तो बसतो. एवढी सत्ता हाती असलेला माणूस एका पक्ष्याच्या पाळीबदलाकडे इतकं लक्ष देतो, याचा मला फार आनंद होतो.

पावसाळ्यात साहित्य जेवढं कमी तेवढं बरं. शाई फुटते, पेन्सिल टिकते, जलरंग काही केल्या वाळत नाहीत. म्हणून रंग शब्दांत लिहून ठेवते: सोनकीची पाकळी, हळदीहून फिकट. बाजूला तारीख, जागा, वेळ, ऊन की ढग, आणि फुलावर कोण आलं. पावशा पहिल्यांदा कधी ऐकला, पांगारा कधी लाल झाला, हेही त्याच पानावर. ओळी साध्याच असतात, पण चार उन्हाळे एकाखाली एक आले की त्या एकमेकींशी ताडून पाहता येतात, आणि तेव्हा तारीख लिहायचा आळस केला नाही याचं फार बरं वाटतं.

सध्या माझ्या वहीत कारवी आहे. ती आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ नंतरचा तिचा बहर २०२४ मध्ये आला. वाळलेली बोंडं पुढच्या पावसाच्या पाण्याने तडकतात आणि बी उडतं. त्या बियांतून आलेली रोपं मी काढायला घेतली आहेत: समोरासमोर पानं, दातेरी कडा, हाताला लागणारा खरखरीतपणा. दरवर्षीचं खोड शेजारी शेजारी बसेल अशी पानं आखून घेतली आहेत. २०३२ च्या पानावर फुलांसाठी जागा मोठी ठेवली आहे आणि तिथे एक प्रश्न आत्ताच लिहिला आहे: कळी दिवसाच्या कुठल्या वेळी उमलते?