आटपाडी : परीक्षेविना विद्या

आटपाडी म्हटले की दुष्काळ, खिल्लार जनावरे आणि अलीकडे डाळिंब आठवते. शुक ओढ्याकाठचे हे माणदेशी गाव पूर्वी औंध संस्थानात होते. गावाजवळच स्वतंत्रपूर आहे. १९३९ साली औंधच्या राजांनी मॉरिस फ्रीडमन यांच्या साह्याने येथे कैद्यांची खुली वसाहत वसविली. तेथे तुरुंगाची भिंत नाही. शिक्षा भोगणारा माणूस कुटुंबासह राहतो, जमीन कसतो. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाची प्रेरणा हीच वसाहत. कथा याच तालुक्यातील माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांची. प्रौढ माणूस नव्याने घडू शकतो, हे या माळाने विद्यापीठांच्या आधी जाणले होते. पुढे आटपाडीचेच सुपुत्र शंकरराव खरात मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आज येथील पेढीवरची गादी मुलाकडे सोपवून बसलेल्या वडीलधाऱ्यांपुढे वेगळा प्रश्न आहे : दिवस कसा जावा? देहाला औषध मिळते, बुद्धीला काम मिळत नाही. फ्रान्समधील तुलूझ येथे १९७३ साली निवृत्तांसाठी विद्यापीठीय वर्ग निघाले. त्यांत ना प्रवेशपरीक्षा, ना पदवी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही आजीवन अध्ययन विभाग आहे. परंतु कोल्हापूर येथून शंभर किलोमीटरहून दूर, आणि सत्तरीतील गुडघ्यांना एस.टी.चा तेवढा प्रवास सोसत नाही. ठाणे जिल्ह्यातील फांगणे गावाने मात्र २०१६ साली आजीबाईंची शाळा गावातच भरविली.

जैन घरांना ही कल्पना परकी वाटू नये. स्वाध्याय हे अंतरंग तप मानले आहे. वाचणे, विचारणे, मनन करणे, घोकणे आणि इतरांस सांगणे ही त्याची पाच अंगे. त्यांत गुणपत्रिका कोठेच नाही. चातुर्मासातील प्रवचनात मात्र बहुतेक जण केवळ ऐकतात. विचारण्याचे अंग मागे पडले आहे, हे मान्य करावे लागेल.

आटपाडीत महाविद्यालय आहे. दिवसाचे तास संपल्यावर तेथील एक खोली आठवड्यातून दोन दिवस मिळाली, तरी आरंभ होईल. शुल्क नाममात्र असावे; फुकटच्या वस्तूची किंमत व्यापाऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही. विषय इथलेच घ्यावेत : ओढ्याचे पाणी, डाळिंबावरील रोग, प्राकृत भाषा, मोबाइलवरील बँकव्यवहार आणि त्यांतील फसवणूक. इंग्लंडमधील अशा मंडळांत सभासदच एकमेकांना शिकवितात. जुन्या वह्यांतील मोडी ज्यांना अजून वाचता येते, अशी माणसे आता थोडीच उरली आहेत. पहिला वर्ग त्यांनीच घ्यावा, आणि तो लवकर घ्यावा.