घरून काम आणि आतली कडी

मी मेडिकल कोडर आहे. हे सांगितलं की सोलापुरात लोक दोनपैकी एक समजतात. एक तर मी डॉक्टरच्या हाताखाली असते, नाही तर कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. दोन्ही खरं नाही. अमेरिकेतल्या दवाखान्यात डॉक्टर रुग्णाविषयी जे लिहून ठेवतो, ते वाचून मी त्याचे कोड लावते. टाइप टू मधुमेह आणि बाकी गुंतागुंत नाही, तर ई११.९. नुसता रक्तदाब असेल तर आय१०. आजारांच्या या यादीत सत्तर हजारांच्या आसपास कोड आहेत आणि तिकडे ती १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाली. डॉक्टरनं काय केलं, म्हणजे तपासणी, टाके, ऑपरेशन, याचे कोड वेगळे, पाच आकडी. दोन्ही एकमेकांशी जुळले तर विमा कंपनी पैसे देते, नाही तर दावा परत येतो.

या कामात पहिल्याच आठवड्यात एक नियम शिकवतात. जे लिहिलेलं नाही, ते झालेलंच नाही. डॉक्टर रुग्णाजवळ तासभर बसला असेल, पण नोंद नसेल तर कोड नाही आणि कोड नाही तर पैसा नाही. हा नियम लक्षात असू द्या, पुढे लागेल.

बी.एस्सी. झाल्यावर मी पुण्यात क्लास केला, सीपीसीची परीक्षा दिली. आता ती चार तासांची, १०० प्रश्नांची असते, पास व्हायला ७० टक्के. गेली आठ वर्षं कोंढव्यात तिघी मिळून भाड्यानं राहतो आणि मी खराडीच्या ऑफिसात जाते. गेल्या महिन्यात कंपनीनं एक मजला सोडायचं ठरवलं आणि आम्हाला विचारलं, कायमचं घरून काम की आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस? उत्तर ३० तारखेपर्यंत द्यायचं होतं. घर म्हणजे माझ्यासाठी सोलापूर.

जायची कारणं उघड होती. सगळ्यात मोठं कारण अम्मी. एकोणीस वर्षांचा मधुमेह, तीन वर्षांपासून इन्शुलिन आणि आता डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम. मधुमेहानं डोळे धरले की कोड ई११.९ राहत नाही, ई११.३ च्या घरात जातो. अम्मीच्या फाइलवर मनातल्या मनात कोड लावायची मला सवयच लागली आहे. त्याच यादीत झेड६३.६ हा एक कोड आहे. घरी देखभाल करावी लागते असा, दुसऱ्यावर अवलंबून असलेला नातेवाईक. रुग्णाच्या तब्येतीवर या गोष्टीचाही भार पडतो, हे यादी करणाऱ्यांनी मानलं आहे. आमच्याकडे अजून त्याला ‘मुलीचं कर्तव्य’ एवढंच नाव आहे.

दुसरं कारण पैशाचं. भाड्याचा माझा वाटा साडेसात हजार, त्यावर डबा आणि बस. शिवाय दर ११ महिन्यांनी करार संपला की पुन्हा घर शोधा. फोनवर सगळं ठरतं, मग नावं विचारतात, मग ‘सोसायटीला विचारून कळवतो’ आणि पुढे फोन येत नाही. हे वाचणाऱ्या अनेकांना मी नवीन काही सांगत नाहीये.

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. कारण बातमी कळताच सगळे फार खूश झाले. खाला म्हणाल्या, “घर बैठे पगार, पर्दा भी, अम्मी की खिदमत भी. और क्या होना तुजे?” मामूंनी रिश्त्याच्या बायोडेटात ‘वर्क फ्रॉम होम’ ठळक लिहायला सांगितलं, स्थळं वाढतील म्हणे. चाचांनी हजरत खदीजांचा दाखला दिला. त्या एवढ्या मोठ्या व्यापारी, पण काफिल्याबरोबर माणसं पाठवायच्या, स्वतः घरीच. मी म्हटलं, चाचा, खरं आहे, पण माल कुणाच्या हाती द्यायचा आणि मोबदला किती, हे त्या स्वतः ठरवायच्या. चाचा हसले. माझ्या नोकरीबद्दल आठ वर्षांत कुणी एवढं चांगलं बोललं नव्हतं. म्हणजे अडचण नोकरीची कधी नव्हतीच, उंबरठ्याची होती, हे माझ्या लक्षात आलं.

घरून काम करणारी आमच्या घरातली मी काही पहिली नाही. माझ्या दादीनं चाळीस वर्षं बिड्या वळल्या. सोलापुरात हे काम हजारो बायका करतात. पद्मशाली आहेत, दलित आहेत, आमच्या मोहल्ल्यातल्या आहेत. पानं भिजवायची, साच्यानं कापायची, सूप मांडीवर घेऊन तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. हजारावर मजुरी. कारखान्यात माल द्यायला गेलं की तपासणारा मूठभर बिड्या नापास करून बाजूला टाकायचा. माझंही तसंच आहे. दिवसाला किती फाइली, हे ठरलेलं. त्यातल्या काही ऑडिटर उचलतो आणि ९५ टक्क्यांच्या खाली अचूकता आली की विचारणा होते. दादीच्या मांडीवर सूप होतं, माझ्यासमोर दोन स्क्रीन आहेत.

अब्बा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. मागाला काम नसलं की महिनेच्या महिने घर दादीच्या बिड्यांवर चालायचं. तरी कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं. अब्बा कामावर जातात, दादी घरी असते. तिनं एका हातानं बिडी वळावी आणि दुसऱ्या हातानं नातवंडं सांभाळावी, यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. पण १९६६ च्या बिडी कामगार कायद्यानं घरी बसून बिड्या वळणारीलाही कामगार मानलं. दादीकडे ओळखपत्र होतं. ती ते निकाहनाम्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची. लहानपणी मला वाटायचं, एवढं काय जपते? आता कळतं. जे लिहिलेलं नाही, ते झालेलंच नाही. तिच्या चाळीस वर्षांची घराबाहेर झालेली तेवढीच एक नोंद होती.

मला भीती होती ती दादी होण्याची नव्हे, ‘घरी असते’ होण्याची. तिचा नमुना मी बघितलाही होता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कंपनीनं कॉम्प्युटर घरी पाठवले आणि मी चौदा महिने सोलापुरातून काम केलं. सोलापूरकरांना सांगायला नको, आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पाणी आलं की मोटार, टाकी, पिंप, हंडे, सगळं घर धावतं. मी न्यूमोनियाची फाइल वाचत असायचे आणि बाहेरून हाक यायची. पाहुणे आले की चहाही माझाच, कारण मी ‘बसलेलीच’ होते. भाईचं मोबाइलचं दुकान तेव्हा बंद होतं, तोही घरातच होता. त्याला कुणी हाक मारत नव्हतं.

दुसरी गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नाही, कारण ती समजावणं कठीण. ऑफिसात माझ्या उजव्या बाजूला साताऱ्याची मुलगी बसते, डावीकडे नांदेडचा मुलगा. अडलेला कोड आम्ही खुर्ची वळवून विचारतो. आठ वर्षांत त्यांनी माझे रोजे पाहिले, मी त्यांचे उपास पाहिले. रमजानमध्ये साताऱ्याची ती माझ्यासमोर डबा उघडायला संकोचायची, मी तिला जबरदस्तीनं खायला लावायचे. आमचे मोहल्ले वेगळे, शाळा वेगळ्या, आता घरं मिळायच्या वस्त्याही वेगळ्या झाल्या आहेत. एकमेकांच्या शेजारी बसायची जी थोडी ठिकाणं उरली, त्यातलं एक ऑफिस आहे. प्रत्येकानं आपापल्या मोहल्ल्यातून लॉगइन केलं तर काम होईल, पण शेजार उरणार नाही. आणि ज्यांचा चेहरा रोज दिसतो त्यांनाच ऑडिटरची जागा मिळते, हेही खरं.

इतकं झाल्यावर मी कंपनीचा फॉर्म नीट वाचला. रुग्णांच्या माहितीची गुप्तता राखणारा अमेरिकेचा १९९६ चा कायदा आहे, त्याला हिपा म्हणतात. त्याच्या आधारे कंपनीच्या अटी होत्या. स्वतंत्र खोली, बंद होणारं दार, दुसऱ्याला स्क्रीन दिसणार नाही अशी जागा, टेबलावर मोबाइल आणि कागद नाही, कामाच्या वेळेत घरातलंही कुणी आत येणार नाही. खाली माझी सही.

आमचं घर तीन खोल्यांचं. बाईनं दार लावून घेतलं की घरात दोनच अर्थ निघतात, ती आजारी आहे किंवा रुसली आहे. मी सुट्टीत घरी गेले आणि फॉर्म अब्बांपुढे ठेवला. एकेक अट मराठीत सांगितली. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “कायदाच आहे म्हटल्यावर बैठकीची खोली घे.” मला हसूही आलं आणि थोडं वाईटही वाटलं. लॉकडाऊनमध्ये मी चौदा महिने जे मागत होते, ते सातासमुद्रापलीकडच्या कायद्यानं एका संध्याकाळी मिळवून दिलं.

पण रात्री भांडी घासताना भाभीनं विचारलं, “तुमे दरवाजा लगाके बैठे तो पानी मैच भरना ना?” आवाजात राग नव्हता. भाभी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. आहे. शेवटच्या वर्षाचा निकाल लागायच्या आधी तिचा निकाह झाला. माझ्या दाराला कडी लागली तर तिचं मोल भाभीच भरणार होती. एका बाईचं काम मोजलं जावं म्हणून दुसरीचं न मोजलेलं काम वाढणार असेल, तर त्यात मिळवलं काय?

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना बसवून बोलले. पाण्याच्या दिवशी मोटार आणि टाक्या भाईकडे, दुकान तसंही ११ ला उघडतं. अम्मीचं सकाळचं इन्शुलिन मी देणार, डोळ्यांच्या तपासणीला सुट्टी काढून मीच नेणार. भाड्याचे जे साडेसात हजार वाचतील, त्यातून भाभीचा कोडिंगचा क्लास. भाई कुरकुरला, अब्बांनी त्याच्याकडे पाहिलं, तो गप्प झाला. कंपनीकडून मी मेलवर एवढंच लिहून घेतलं की वर्षभरानंतर ऑफिसला परत यायचं म्हटलं तर जागा मिळेल आणि ऑडिटरच्या परीक्षेला मला बसता येईल. मग ‘घरून’ या रकान्यावर खूण केली.

आपल्यातल्या बऱ्याच मुली मला या कामाबद्दल विचारतात, त्यांच्यासाठी थोडं. ‘कोर्स करा, लगेच घरबसल्या नोकरी’ असं सांगणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका. नवीन माणसाला कंपन्या बहुधा आधी ऑफिसात बसवून शिकवतात. ती पहिली एक-दोन वर्षं बाहेर काढा, त्यासाठी घरी भांडावं लागलं तरी. नंतर घरून करायचं असेल तर खुशाल करा, पण आधी दोन गोष्टी विचारा. दाराची कडी आतून आहे का, आणि उद्या बाहेर पडायचं ठरवलं तर ती कुणाला न विचारता काढता येईल का. दोन्हींचं उत्तर हो असेल तर घर हे चांगलं ऑफिस आहे. नसेल तर पगार कितीही असो, लोक म्हणतील, ती घरीच असते.

भाभीचं शरीररचनेचं पुस्तक आता अर्धं झालं आहे. माझं काम संपल्यावर, संध्याकाळी सहानंतर, बैठकीच्या खोलीत ती बसते. दार लावून.