नव्या तलंगा, जुनं खुराडं

कंपनीत नवा माणूस आला की एचआरवाले त्याला चार डेस्कांपाशी फिरवतात, हात मिळवले जातात, झालं! कोंबड्यांत ओळख चोचीने होते. तीही डोक्यावर.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावी मानमोडी आली, म्हणजे राणीखेत रोग. आईच्या पंधरा कोंबड्यांपैकी चार उरल्या. बाबा गेल्यापासून आई घरात एकटीच असते. पहाटे खुराड्याचं दार उघडलं की तिचा दिवस सुरू होतो. त्यामुळे आठ नव्या तलंगा आणायचं ठरलं तेव्हा अंड्यांचा हिशोब दुय्यम होता. चार टिकाव्यात आणि आठ रुळाव्यात, एवढंच.

रोगातून वाचलेली कोंबडी काही काळ विषाणू बाहेर टाकत राहते, म्हणून आम्ही दिवाळीपर्यंत थांबलो. तलंगा आणल्या त्या लासोटा आणि आर-टू-बी अशा दोन्ही लसी झालेल्या, अडीच महिन्यांच्या. तरी पहिले तीन आठवडे त्यांचा मुक्काम लांब, लाकडांच्या खोपीत. बाजारातून आलेला पक्षी टुणटुणीत दिसला तरी पोटात काय घेऊन आलाय ते सांगता येत नाही.

मग दोन आठवडे परसात जाळी. अलीकडे चार, पलीकडे आठ. दिसायचं सगळं, टोचता येणार नाही. शेजारचे काका म्हणाले, "कशाला एवढे लाड? सोड एकदम, होतात आपोआप एकत्र." होतातही, पण तोवर एखादीचं डोकं सोलून निघतं. रक्त दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचतात.

या टोचाटोचीमागे नियम असतो, बरं का. थोर्लिफ शेल्डेरुप-एबे नावाच्या नॉर्वेजियन माणसाने लहानपणापासून कोंबड्या निरखल्या आणि १९२१ साली त्यावर प्रबंध लिहिला. कोणी कोणाला टोचायचं याची कळपात उतरंड असते. ती एकदा ठरली की मारामाऱ्या कमी होतात, कारण खालची आधीच बाजूला होते. नवा पक्षी आला की ही उतरंड पुन्हा मांडावी लागते. जुन्यांनाही! म्हणून एकटी तलंग कधी सोडू नये. आठ असल्या की मार वाटला जातो.

आईने हा प्रबंध वाचलेला नाही. पण तिने तलंगा रात्रीच नेऊन जुन्यांशेजारी दांडीवर बसवल्या. "अंधारात कोंबडीला दिसत नाही रे. सकाळी उठतील तेव्हा शेजारीण बसलेलीच असेल." आजीची पद्धत.

सकाळी जुंपलीच. काळी कोंबडी सगळ्यात खवट, तिने दोन तासांत आठही जणींना प्रसाद दिला. मी दोनदा उठलो, दोनदा आईने बसवलं. "रक्त आलं तर ऊठ. नाहीतर त्यांचं त्यांना ठरवू दे."

मात्र तिने आधीच बरंच काही करून ठेवलं होतं. दाण्याच्या पाट्या तीन, त्याही एकमेकींपासून लांब. पाणी दोन ठिकाणी. फणसाखाली एक डालगं तिरकं टेकवलेलं, ज्याच्या मागे लपता येईल. खाद्य सगळ्यांना वाढीचंच, कारण अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात चुना जास्त असतो आणि तो तलंगांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. जुन्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळा.

मला त्यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. भांडण थांबवणं आपल्या हातात नाही. हरलेलीला पळायला वाट आणि दुसऱ्या पाटीत चार दाणे मिळतील, एवढं बघणं आहे. कळपात कोणीतरी सगळ्यात खाली असणारच. तिने उपाशी राहावं असा मात्र कुठेच नियम नाही.

दहा-बारा दिवसांत आवाज कमी झाला. सगळ्यात लहान तलंग अजूनही डालग्यामागेच खाते. पण खाते. परवा फोनवर आई म्हणाली, "आज बाराही एकाच दांडीवर बसल्यात." नंतर बराच वेळ ती त्यांच्याबद्दलच बोलत होती.