अण्णांच्या तोलाची वही

चार वर्षांपूर्वी माघातल्या एका पहाटे माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. तेव्हा त्यांचे वय ७८ होते. घरातच डॉक्टर असल्याने लक्षणे लगेच ओळखली गेली आणि आम्ही वेळेत सोलापूर गाठले. जीव वाचला, वाचाही टिकली. मात्र शरीराची डावी बाजू दुर्बल झाली. रोज सकाळी परंड्याच्या भुईकोट किल्ल्यापर्यंत एकटे फिरून येणारा हा माणूस खाटेपासून न्हाणीपर्यंत जाण्यासाठी दुसऱ्याचा खांदा शोधू लागला.

फिजिओथेरपिस्टनी सांगितलेला व्यायाम साधा होता. आधार धरून उभे राहायचे, शरीराचा भार उजव्या पायावरून डाव्या पायावर न्यायचा आणि पुन्हा परत आणायचा. अण्णा प्राथमिक शाळेचे निवृत्त शिक्षक. पंधरा दिवसांत त्यांना त्याचा वीट आला. “तोच पाढा किती वेळा म्हणायचा?” असे म्हणून ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने सुधारणेसाठी फार मोलाचे असतात, हे मी रुग्णांच्या नातेवाइकांना नेहमी सांगतो. माझ्याच घरात ते महिने वाया चालले होते.

त्या उन्हाळ्यात अमेरिकेहून आलेल्या धाकट्या भावाने आपल्या मुलांचा जुना गेम कन्सोल बरोबर आणला. निन्टेंडो कंपनीचा हा ‘वी’ २००६ साली बाजारात आला होता. त्याच्यासोबत ‘बॅलन्स बोर्ड’ नावाची, पाटासारखी एक फळी होती. तिच्या चार कोपऱ्यांत भार मोजणारे संवेदक असतात. तिच्यावर उभे राहिले की कोणत्या पायावर किती भार पडतो आहे, हे टीव्हीच्या पडद्यावर दिसते. मुलांच्या हातून मोबाइल काढून घ्या, असे पालकांना बजावणारा मी. मला हे खूळच वाटले. तिकडची वीज १२० व्होल्टची, म्हणून आधी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. घाईने तो ॲडॉप्टर आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातला असता, तर ही हकिगत तिथेच संपली असती.

पहिल्या दिवशी पडद्यावर आकडे उमटले : उजवा पाय ७१ टक्के, डावा २९. अण्णा बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. फळी कलती करून गोट्या गलीत पाडायचा एक खेळ त्यात होता. तो त्यांना आवडला. मी मागे खुर्ची ठेवून, त्यांच्या डाव्या अंगाला उभा राहत असे. दहा मिनिटे खेळ, मग विश्रांती. रोजच्या चाचणीचा आलेख यंत्र जपून ठेवी आणि अण्णा रोज सकाळी निकाल पाहायला आलेल्या विद्यार्थ्यासारखे त्याच्यासमोर उभे राहत. ‘माझी वही’ असेच ते त्या आलेखाला म्हणत. अकराव्या महिन्यात डाव्या पायाचा आकडा ४४ वर आला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या यंत्रात काही औषधी गुण नाही. ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पक्षाघाताच्या १४१ रुग्णांपैकी काहींना हाताच्या सुधारणेसाठी ‘वी’ दिला होता, तर इतरांना पत्ते, हाऊजी यांसारखे साधे खेळ. दोन्ही गटांत सुधारणा झाली आणि ‘वी’ काही वरचढ ठरला नाही. म्हणजे घरात पत्त्यांचा कॅट असेल तर कन्सोल विकत घेण्याची गरज नाही. रुग्ण उद्या पुन्हा व्यायामाला उभा राहील, असे काहीतरी त्याला मिळाले पाहिजे. अण्णांना ते त्या वहीत मिळाले होते.

आणि त्याच सुमारास कन्सोल डिस्क वाचेनासा झाला. आपल्याकडची धूळ, जुना ड्राइव्ह. घरघर आवाज येई आणि पडद्यावर चूक दाखवली जाई. एका मोठ्या शहरातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “मॉडिंग करून शंभर गेम भरून देतो. जुना डेटा मात्र उडेल.” अण्णांनी ते ऐकले. “मला शंभर गेम कशाला? माझी वही राहते का, ते विचार,” एवढेच ते म्हणाले.

मग पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाने फोनवर सगळे रीतसर समजावले. मॉडिंग म्हणजे कंपनीने न दिलेली क्षमता यंत्रात आणणे. ‘वी’साठी यंत्र उघडावे लागत नाही. एसडी कार्डवर ठेवलेली एक छोटी आज्ञावली यंत्राच्या संदेशफलकावर पत्राच्या रूपाने येते. ते पत्र उघडले की बाहेरचे प्रोग्रॅम चालवण्याची वाट मोकळी होते. तिचे नाव ‘लेटरबॉम्ब’ आहे हे कळताच आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “ते यंत्र यांच्यापासून लांब ठेवा रे!” त्यानंतरचे पहिले काम म्हणजे यंत्राच्या अंतर्गत मेमरीची संपूर्ण नक्कल एसडी कार्डवर घेणे. ही मेमरी ५१२ एमबीची असते, त्यामुळे साधे २ जीबीचे कार्डही पुरते. मग हार्ड डिस्कवरून गेम चालवणारा ‘लोडर’ बसवायचा आणि आपल्याजवळच्या डिस्कवरून गेम त्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचा. एकदा उतरवला की डिस्क घालायची गरज उरत नाही. आमचा ड्राइव्ह अजून अधूनमधून वाचत होता, म्हणून तो पुरता बंद पडण्याआधी हे करणे भाग होते.

एका रविवारी दुपारी मी बसलो. खरे सांगतो, नक्कल घेण्याची पायरी मी गाळणार होतो. दवाखान्यात दोन रुग्ण ताटकळले होते. अण्णा शेजारच्या खुर्चीतून म्हणाले, “आधी वही.” मी मुकाट्याने नक्कल घेतली. पुढे गेम हार्ड डिस्कवर उतरत असताना वीज गेली. टीव्ही आणि कन्सोल इन्व्हर्टरवर जोडायचे मी विसरलो होतो. सुदैवाने गेमची अर्धवट प्रतच खराब झाली. ती पुसून पुन्हा घेतली. अंतर्गत मेमरीत लिहिले जात असताना वीज गेली असती, तर यंत्र कायमचे निकामी होऊ शकले असते. या छंदातले लोक अशा यंत्राला ‘वीट’ म्हणतात. नक्कल जवळ असली, तरी प्रत्येक यंत्रात ती परत घालता येतेच असे नाही.

कोणा वाचकाच्या घरी नातवंडांचा जुना कन्सोल असेल आणि असेच काही करायचे असेल, तर अनुभवातून चार गोष्टी सांगतो. आपल्या यंत्राचे नेमके मॉडेल आणि त्यातील प्रणालीची आवृत्ती आधी लिहून घ्या. एकाची रीत दुसऱ्याला लागू पडत नाही. ‘वी’साठी पेन ड्राइव्हपेक्षा हार्ड डिस्क भरवशाची, ती एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट करावी. या पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, पण लोडर मोठ्या गेमचे तुकडे आपोआप करतो. फॉरमॅट करताना डिस्कवरचे सगळे पुसले जाते, म्हणून घरचे फोटो असलेली डिस्क या कामाला घेऊ नये. आणि विकत घेतलेल्या डिस्कचीच प्रत करावी. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा स्वतःच्या संगणक-आज्ञावलीची सुरक्षेपुरती प्रत ठेवू देतो. परंतु २०१२ साली त्यात आलेल्या कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडणे हा गुन्हा आहे. शंभर फुकट गेमांचा मोह म्हणूनच टाळावा.

आता डॉक्टर म्हणून. फळी जमिनीपासून सुमारे दोन इंच उंच असते आणि वृद्धांचे पडणे बहुधा चढताना किंवा उतरताना घडते. त्या क्षणी कोणीतरी हाताच्या अंतरावर हवेच. पायमोजे नकोत. चक्कर, छातीत दुखणे, धाप यांपैकी काहीही जाणवले तर लगेच थांबावे. अपस्माराचा त्रास असल्यास किंवा पेसमेकर बसवलेला असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून सुरुवात करू नये.

अण्णांच्या त्या दोन शब्दांनी मला माझ्या पेशाचाही धडा दिला. वृद्धाचे औषध बदलण्याआधी जुनी चिठ्ठी जपावी, डॉक्टर बदलताना जुनी फाइल फेकू नये, नवा मोबाइल हाती देताना जुन्यातले क्रमांक आणि फोटो आधी उतरवून घ्यावेत. आपल्या लेखी सुधारणा असते. त्यांनी कष्टाने जमवलेले काहीतरी तिच्यात सहज पुसले जाते.

आता अण्णा काठी घेऊन किल्ल्याच्या खंदकापर्यंत जातात. मी डावीकडून चालतो. कन्सोल फारसा लागत नाही. त्याच्यावर आईने शिवलेला अभ्रा असतो. ते एसडी कार्ड मात्र मी एका पाकिटात घालून अण्णांच्या डिस्चार्ज कार्डाशेजारी ठेवले आहे. पाकिटावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे : वही क्र. १.